मिठाच्या डब्यातली परीक्षा

कोकणच्या पावसात पुस्तके सांभाळणे हे तान्हे मूल सांभाळण्याइतकेच जिकिरीचे काम आहे. ज्यांनी केले असेल त्यांनाच ते कळेल. आमची बौद्धवाडी रत्नागिरी जिल्ह्यातली. विहाराला लागून जांभ्या चिऱ्यांची एक खोली आहे. तिला आम्ही वाचनालय म्हणतो. परीक्षेच्या दिवसांत तीच अभ्यासिका होते आणि वर्षावासात रोज संध्याकाळी तेथेच ग्रंथवाचन चालते. साडेसहाशेच्या आसपास पुस्तके, दोन लोखंडी कपाटे आणि एक सागवानी. सागवानी कपाट मुंबई शाखेने वर्गणी काढून दिले. पुस्तकांपैकी निम्मी तरी मुंबईकर मंडळींनी मे महिन्यात येताना पिशव्यांतून वाहून आणलेली आहेत. तेव्हा त्या पुस्तकांवर साऱ्यांचाच जीव.

जुलै लागला की पुठ्ठ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, पाने एकमेकांना चिकटतात, बांधणीची खळ सुटते आणि दार उघडताच कुबट वासाचा भपकारा येतो. 2023 च्या पावसाळ्यात अशी 43 पुस्तके खराब झाली. मुंबई शाखेचे पत्र आले. त्यात लिहिले होते की वाचनालयाच्या खिडक्या भर पावसात उघड्या टाकल्या जातात, त्यामुळे हे नुकसान होत आहे, गाव शाखेने जबाबदारी निश्चित करावी.

खिडक्या उघडणारे एकच, आमचे आप्पा. मुंबईत गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी आले. गेली कित्येक वर्षे एक पैसा न घेता ते ही खोली सांभाळतात. सकाळी कुलूप काढायचे, दोन्ही खिडक्या उघडायच्या, झाडलोट करायची, संध्याकाळचे वाचन संपले की बंद करून घरी जायचे, हा त्यांचा नेम. कोणी विचारले की म्हणत, "खोलीला श्वास घेऊ द्या." वाडीत मात्र दोन तट पडलेले. एक म्हणे, खिडकीतून ओलावा आत येतो. दुसरा म्हणे, आतला ओलावा खिडकीतून बाहेर जातो. दोन्ही बाजू आपापल्या जागी शहाण्या, आणि कोणाच्याही हाती पुरावा नाही.

आम्ही उभयता शिक्षक. वाडीत आमच्या शब्दाला थोडे वजन आहे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळही तेथेच आहे. आमची मुलगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला होती. शनिवारी घरी आली तेव्हा तिने पिशवीतून एक निळी चौकोनी चकती काढली. जाळीदार, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. ती म्हणाली, "हा डीएचटी 11. हवेतला दमटपणा आणि उष्णता दोन्ही मोजतो." एका वेळच्या मासळी बाजारापेक्षा स्वस्त. त्याला जोडायला आर्डुईनो नावाची एक पाटी. ह्या पाटीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इटलीतल्या इव्रिया गावी 2005 साली काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परवडावी म्हणून ती तयार केली, तिचे नाव त्यांच्या नेहमीच्या एका गुत्त्यावरून ठेवले आणि तिचे आराखडे सर्वांना मोकळे करून दिले. त्यामुळे आज कोणीही ती बनवतो, कोणीही विकत घेतो. आम्हा शिक्षकांना हे फार आवडले.

ह्या चकतीच्या आत ओलावा ओढून घेणारा एक पातळ थर असतो. हवेत दमटपणा वाढला की थरातून वीज सुलभ जाते, कमी झाला की अडखळते. शेजारीच उष्णता मोजणारा दुसरा घटक. दोहोंचे आकडे एकाच तारेवरून पाटीकडे जातात. शून्य आणि एक अशा 40 खुणांची ती माळ असते. पहिल्या 16 खुणा दमटपणाच्या, पुढच्या 16 उष्णतेच्या आणि शेवटच्या 8 पडताळ्याच्या. आधीच्या चार गटांची बेरीज पडताळ्याशी जुळली तर निरोप बरोबर पोहोचला असे पाटी समजते. मुलीने हे समजावले तेव्हा आम्ही मान डोलावली. पडताळा निरोपाचा होतो, निरोपातल्या गोष्टीच्या खरेपणाचा नव्हे, हे तेव्हा लक्षात आले नाही. पोस्टमनने पत्र न फाडता आणून दिले म्हणून पत्रातले खरे ठरत नाही, इतके साधे होते ते.

पहिल्याच संध्याकाळी एक गंमत झाली. पडद्यावर आकड्याऐवजी "नॅन" अशी अक्षरे आली. आमच्या आईंनी विचारले, "ही नॅन कोण?" मुलगी हसत म्हणाली, "आजी, म्हणजे आकडाच नाही, वाचताच आला नाही." तारेला वर खेचून धरणारा 10 हजार ओहमचा रोधक जोडायचा राहिला होता. तो जोडताच आकडे आले. मग ती चकती आम्ही नुकतेच पॉलिश केलेल्या सागवानी कपाटात दोन दिवस ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी टांगली. खिडक्या उघड्या, बाहेर धो धो पाऊस, पडद्यावर 95 टक्के.

त्या रविवारी बैठक होती. आम्ही वही उघडून सांगितले, "खिडक्या उघड्या असताना खोलीत 95 टक्के दमटपणा आहे. हे यंत्राने मोजले आहे." 'यंत्राने' हा शब्द उच्चारताच सारा वाद मिटला. खिडक्या बंद असताना किती भरतो, असे कोणी विचारले नाही. आम्हीही पाहिले नव्हते. सचिवांनी इतिवृत्तात लिहिले की आप्पांच्या हलगर्जीपणामुळे ग्रंथांचे नुकसान झाल्याचे मोजमापाने सिद्ध झाले, यापुढे किल्ली गुरुजींकडे राहील. आप्पांनी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि पावसातच निघून गेले. छत्री कोपऱ्यातच राहिली. ती दुसऱ्या दिवशी मुलीच्या हाती पाठवली. आम्ही स्वतः गेलो नाही.

तीन आठवडे खिडक्या बंद राहिल्या. वाचन चालूच होते, दाराने माणसे येत होती, वीस-पंचवीस जण दाटीने बसत होते. ऑगस्टच्या मध्यावर कपाट उघडले तर बुरशी आणखी दोन फळ्यांवर चढलेली.

त्याच सुमारास पावसाने दोन दिवस उघडीप दिली. मुलीने चकती घरी आणून स्वयंपाकघरात ठेवली. 95. उन्हात तापलेल्या ओसरीवर नेली. तरी 95. उष्णतेचा आकडा 27 वरून 33 वर गेला, दमटपणाचा आकडा हलायला तयार नाही. तिचा चेहरा उतरला. "बाबा, हा आकडा अडकलाय," एवढेच ती म्हणाली.

त्या रात्री तिने जी परीक्षा लावली ती प्रत्येक गृहिणीला घरच्या घरी करता येईल, म्हणून सविस्तर सांगतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. त्यात एका लहान वाटीत दोन-तीन चमचे साधे खाण्याचे मीठ घालावे आणि त्यावर थेंब थेंब पाणी सोडावे, इतकेच की मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे. विरघळून त्याचे पाणी होता कामा नये. मोजणारी चकती मिठाला न शिवता डब्यात ठेवावी, तार बाहेर काढून फट चिकटपट्टीने बंद करावी. आम्ही कणकेने लिंपणार होतो, तर मुलगी ओरडली, कणकेचाच ओलावा आत जाईल म्हणून. डबा रात्रभर हलवू नये. ओल्या मिठाचा गुण असा की बंद डब्यातली हवा ते 75 टक्के दमटपणावर आणून ठेवते. जास्त असेल तर मीठ ओलावा ओढते, कमी असेल तर सोडते. आपल्याकडच्या साध्या उष्णतेत हा आकडा जवळपास बदलत नाही. बाजारातले महागडे यंत्रही याच मापाने ताडता येते.

सकाळी डबा तसाच ठेवून पडदा पाहिला. 95.

पॉलिश, रंग, डांबरगोळ्या यांच्या वाफांनी ह्या चकतीतला ओलावा ओढणारा थर बिघडतो. तसे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलेच असते. आम्ही तिला ताज्या पॉलिशच्या कपाटात दोन दिवस कोंडली होती. शिवाय हा डीएचटी 11 मुळातच ढोबळ, नवा कोरा असला तरी पाच टक्के इकडे-तिकडे दाखवणारा. परीक्षा एका रात्रीची आणि दोन चमचे मिठाची. ती बैठकीच्या आदल्या रात्री घेतली असती तर एका म्हाताऱ्या माणसावर ठपका आला नसता.

लगेच आप्पांकडे जायला हवे होते. खरे सांगायचे तर धीर झाला नाही. आधी नीट मोजू आणि मग जाऊ, असे आम्ही एकमेकांना सांगितले. त्यात निम्मा शहाणपणा होता आणि निम्मी भीती.

मुलीने डीएचटी 22 जातीच्या तीन पांढऱ्या चकत्या आणल्या. ह्यांची किंमत थोडी जास्त, पण दमटपणा दोन टक्क्यांच्या आणि उष्णता अर्ध्या अंशाच्या फरकाने सांगतात. दोन सेकंदांतून एकदाच विचारायचे, घाई केली तर जुनेच उत्तर देतात. तिघींना मिठाच्या डब्यात ठेवले. एकीने 73.8 दाखवले, दुसरीने 75.1, तिसरीने 77.3. मग तिघींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पहिलीत दीड मिळवायचे, दुसरीला हात लावायचा नाही, तिसरीतून दोन वजा करायचे. पाटी स्वतः चालताना थोडी तापते, म्हणून चकत्या पाटीला न चिकटवता लांब तारेवर ठेवल्या. एक बाहेर पागोळ्यांच्या आत वळचणीला, एक खोलीत टेबलावर, एक सागवानी कपाटात पुस्तकांच्या मागे, भिंतीच्या बाजूला. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री आठ अशी नोंद वहीत.

दुपारच्या एका नोंदीने आमचे डोळे उघडले. बाहेर 29 अंश आणि 80 टक्के. खोलीत 28 अंश आणि 83 टक्के. पुस्तकांच्या मागे साडेसव्वीस अंश आणि 92 टक्के. पाहताक्षणी वाटले, कपाटात पाणी जास्त आहे. पण टक्के म्हणजे पाणी नव्हे. हवा जितकी गरम तितके ती जास्त बाष्प पोटात ठेवू शकते, आणि टक्के म्हणजे त्या पोटाचा किती भाग भरला आहे ते. 30 अंशाच्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, 25 अंशाच्या हवेत 23 ग्रॅमच. मुलीने तिन्ही जागांचा हिशेब ग्रॅममध्ये केला. बाहेर 23, खोलीत साडेबावीस, कपाटात 23. म्हणजे पाणी सगळीकडे सारखेच! कपाटाची पाठ उत्तरेच्या भिंतीला टेकलेली. जांभा पावसाने भिजून गार पडतो, त्याला लागलेली हवा गार होते, तिचे पोट आक्रसते आणि तेवढेच बाष्प तिला ओथंबून टाकते. दोष कपाटाच्या जागेचा होता. ती जागा आम्हीच ठरवली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग खिडक्यांचे काय? एक संध्याकाळ बंद ठेवून आणि दुसरी उघड्या ठेवून मोजले. बंद खोलीत वाचन संपताना साडेअठ्ठावीस अंश, 92 टक्के, म्हणजे सुमारे पावणेसव्वीस ग्रॅम. उघड्या खिडक्यांनी साडेसत्तावीस अंश, 85 टक्के, साडेबावीस ग्रॅम. बाहेर दोन्ही दिवशी 22 च्या आसपास. पंचवीस माणसांचा श्वास, कोपऱ्यातल्या ओल्या छत्र्या, भिजलेले पदर, पुसलेली फरशी, हे सारे बंद खोलीत साचत होते आणि रात्रभर गार भिंतीकडे सरकत होते. आप्पांच्या खिडक्या ते बाहेर काढीत होत्या. खोलीला श्वास घेऊ द्या, हे शब्दशः खरे होते.

वही घेऊन आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. आप्पा पडवीत सुंभ वळत बसले होते. आम्ही सारे सांगितले. यंत्र बिघडलेले होते, न तपासता बोललो, चूक आमची, क्षमा करा. त्यांनी हातातले काम थांबवले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, बाई, तोंडानं बोललेलं मी त्याच रात्री सोडलं. पण वहीत लिहिलंत. मी गेल्यावर पण ते राहील. आणि ते मुंबईला पण गेलं."

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्याच बैठकीत दुरुस्तीचा ठराव मांडू, असे आम्ही कबूल केले. मग त्यांनी वही हातात घेतली आणि एक एक आकडा बोटाने वाचला. गिरणीत त्यांनी दमट हवेतच उमेद घालवलेली. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा ठेवीत, हे त्यांनी आम्हाला सांगितले. शेवटी म्हणाले, "ते यंत्र एकदा माझ्या पेटीत ठेवा बघू."

त्यांची पत्र्याची पेटी चुलीवरच्या माळ्यावर असते. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच. पेटीत गिरणीचा गेट पास, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, मुलांचे दाखले, आणि तळाशी कडुनिंबाचा पाला. चाळीस वर्षांपूर्वीचे कागद, आणि आवाज होईल इतके कोरडे. दुसऱ्या दिवशी पेटीतला आकडा घेतला तेव्हा 33 अंश आणि 64 टक्के निघाला. तीच हवा, तेच बाष्प, फक्त चुलीच्या उबेने पोट मोठे झालेले. साधारण 65 टक्क्यांच्या खाली बुरशीला जोर धरत नाही. आप्पा म्हणाले, "आई बियाणं इथंच ठेवायची. सुकी मासळी पण इथंच." आमच्या आज्यांनी हे न मोजता ओळखले होते, आणि आम्ही पुस्तके मात्र गार भिंतीला नेऊन टेकवली.

त्यानंतर जे केले ते थोडक्यात सांगतो. तिन्ही कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. फळ्यांवर पुस्तके कोंबणे बंद केले. छत्र्या पडवीत, फरशी पुसणे उघडीप असेल तेव्हाच. माणसे बसलेली असताना खिडक्या उघड्या, झड येत असेल तर वाऱ्याच्या बाजूची तेवढी ओढून घ्यायची. कपाटात दिवा लावावा अशी एक सूचना आली होती, पण वायरिंग जुने आणि शेजारी कागद, म्हणून ती आम्ही मानली नाही. त्याऐवजी आप्पांच्या सांगण्यावरून साठ जुनी, पुन्हा न मिळणारी पुस्तके पत्र्याच्या पेट्यांत घालून चूल पेटणाऱ्या चार घरांच्या माळ्यांवर पावसाळ्यापुरती ठेवली, धूर आत जाऊ नये म्हणून झाकणे फडक्याने बांधून. कोणाच्या घरी कोणते पुस्तक, त्याची यादी विहारात लावली. 2024 च्या पावसाळ्यात बुरशी लागलेली पुस्तके निघाली 9. पेट्यांतले एकही नाही. खोलीतली बुरशी पुरती गेलेली नाही, पुस्तकांमागचा आकडा अजून 84-85 वर असतो, तेव्हा फुशारकी मारण्यासारखे काही नाही.

दुरुस्तीचा ठराव मात्र सहज झाला नाही. एक-दोघे म्हणाले, झाले गेले विसरा, पुन्हा लिहून गवगवा कशाला? आम्ही म्हणालो, आधी लिहिताना गवगवा वाटला नाही. शेवटी आम्हीच मजकूर सांगितला की चुकीचे मोजमाप अमुक दोघांनी सादर केले, ते न तपासलेल्या यंत्राचे होते, आप्पांवरील ठपका निराधार असून तो मागे घेण्यात येत आहे. जुन्या ठरावाच्या पानावर जागा नव्हती, म्हणून सचिवांनी समासात आडवे लिहून "पान 61 पाहा" अशी खूण केली. त्याची नक्कल मुंबईला पाठवली. पत्र लिहिणारे गृहस्थ मे महिन्यात गावी आले तेव्हा वाचनालयात आले, पडद्यावरचे आकडे बराच वेळ पाहत राहिले आणि आप्पांना म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच ना?" तेवढेच. आप्पांनी कनवटीवर हात ठेवून दाखवला.

आता तीन वेळची नोंद आप्पाच करतात. चष्मा लावून, ठसठशीत अक्षरात. मुलीला नोकरी लागली, ती पुण्याला असते. पण तिने शिकवलेली मिठाची परीक्षा आप्पा चुकवत नाहीत. दर पौर्णिमेच्या आदल्या रात्री तिन्ही चकत्या डब्यात जातात. मागच्या आषाढीच्या सकाळी तिसरी चकती 79 दाखवू लागली. आप्पांनी पट्टीवरचा 'वजा 2' खोडला, 'वजा 4' लिहिले, खाली तारीख घातली, आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले.